मित्रगोष्टी आणि वेळापत्रक : डोंबिवलीतील गप्पांचा एक विचार

समाजाच्या विचारजीवनाचा अभ्यास करताना अभ्यासकाचे लक्ष स्वाभाविकपणेच व्याख्याने, ग्रंथ, वृत्तपत्रे, ठराव आणि संस्थांची इतिवृत्ते यांकडे जाते. ही साधने टिकून राहतात, त्यांवर तारखा असतात, आणि ती ग्रंथालयात हाती लागतात. परंतु धर्म, राजकारण, कला किंवा रूढी यांविषयीची माणसांची मते प्रत्यक्षात जेथे एकमेकांवर घासली जातात, तपासली जातात आणि पुष्कळदा मुकाट्याने बदलतात, ते ठिकाण बहुधा मित्रांच्या गप्पांचे असते. या गप्पांचे इतिवृत्त कोणी लिहीत नाही. म्हणूनच समाजाच्या मतघडणीतील हा मोठा भाग अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहतो, किंवा ‘वेळ घालविण्याचे साधन’ एवढ्या शेऱ्यावर निकालात निघतो.

प्रस्तुत लेखाचा विषय ठाणे जिल्ह्यातील डोंबिवली या उपनगरातील मित्रगोष्टी हा आहे. ज्या गावातील नोकरदारांचा मोठा वर्ग पिढ्यान्‌पिढ्या रोज सकाळी मुंबईकडे जातो आणि रात्री परततो, तेथे निवांत बोलण्याला वेळ कोठून मिळणार, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडतो. वस्तुस्थिती अशी की, येथील गप्पा वेळेच्या टंचाईतूनच घडल्या आहेत आणि त्यांचे विशेष गुण व दोषही त्या टंचाईतूनच आले आहेत. हे कसे घडते याचा उलगडा करण्यापूर्वी ‘गप्पा’ या संज्ञेचा थोडा विचार करणे अवश्य आहे.

शब्द आणि संकल्पना

मराठीत मित्रांच्या बोलण्याला जे शब्द आहेत ते निरनिराळ्या घरांतून आलेले आहेत. ‘गप्पा’ हा शब्द फारशीतील ‘गप’ या शब्दापासून आला. त्याच्या पोटात पोकळ बातमी किंवा थाप असाही अर्थ आहे, आणि तो अर्थ ‘गप्पा ठोकणे’ या प्रयोगात अद्याप जिवंत आहे. ‘गोष्ट’ हा शब्द संस्कृत ‘गोष्ठी’ या शब्दाकडे जातो. गोष्ठी म्हणजे मंडळींचा मेळावा. मेळाव्यावरून तेथील संभाषण, संभाषणावरून त्यात सांगितलेली हकीकत, असा या शब्दाचा प्रवास झाला. ‘कट्टा’ हा शब्द कन्नड ‘कट्टे’ या शब्दाशी निगडित आहे; झाडाभोवती किंवा घरापुढे बांधलेली बसावयाची जागा हा त्याचा मूळ अर्थ. दादरच्या शिवाजी पार्कभोवतीच्या ठेंगण्या भिंतीला लोक कट्टाच म्हणतात. आज मात्र कट्टा म्हणजे केवळ जागा राहिलेली नाही. तेथे जमणारी मंडळी आणि त्यांचे बोलणे हेही त्या शब्दात सामावले आहे. थोडक्यात, बातमी, मेळावा आणि बैठक या तीन अर्थांच्या मिश्रणातून मराठी माणसाची गप्पांची कल्पना तयार झाली आहे.

भारतीय शास्त्रपरंपरेने संभाषणाचे वर्गीकरण पुष्कळ बारकाईने केले आहे. न्यायदर्शनात ‘कथा’ तीन प्रकारची सांगितली आहे. तत्त्वनिर्णयाच्या इच्छेने, प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे चालतो तो वाद. जिंकण्याच्या इच्छेने, प्रसंगी छलाचाही आश्रय घेऊन चालतो तो जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणे ही वितंडा. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांच्या परस्पर चर्चेचा विचार आला आहे. तेथे संधाय संभाषा आणि विगृह्य संभाषा, म्हणजे मैत्रीने केलेली आणि विरोधाने केलेली, असे दोन भेद केले आहेत. मैत्रीच्या संभाषेत माणसाने विश्वासाने बोलावे, विश्वासाने विचारावे, पराभवाच्या भीतीने अस्वस्थ होऊ नये आणि दुसऱ्यास निरुत्तर केल्याचा आनंदही मानू नये, असा तेथील उपदेश आहे. मित्रांच्या गप्पा या संधाय संभाषेच्या जवळच्या खऱ्या. परंतु वैद्यांना ज्ञान वाढवावयाचे असते, तर मित्रांना बोलावयाचे असते. त्यांना निर्णयाची निकड नसते. या अर्थाने गप्पा हा न्यायशास्त्राच्या तीन प्रकारांबाहेरचा एक चौथा प्रकार मानावा लागतो. त्याची चार लक्षणे सांगता येतील : कोणत्याही निर्णयावर येण्याचे बंधन नसणे, बोलण्याचा अधिकार हुद्द्यावर किंवा विद्वत्तेवर अवलंबून नसणे, विषय कोणाच्याही परवानगीवाचून बदलता येणे, आणि बोलणारी माणसे पुन्हा भेटणार आहेत हे सर्वांना ठाऊक असणे. यांतील चौथे लक्षण सहज नजरेतून सुटते. पुढील विवेचनाचा भार मुख्यतः त्याच्यावरच आहे.

पाश्चात्त्य विचारातील तीन सूत्रे

युरोपातील समाजशास्त्रज्ञांनी संभाषणाकडे गंभीरपणे पाहिले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. फ्रेंच विचारवंत गाब्रिएल तार्द यांनी १९०१ साली जनमत आणि जमाव यांवरील आपल्या ग्रंथात संभाषणाला मध्यवर्ती स्थान दिले. ज्या बोलण्यापासून तात्काळ उपयोग साधावयाचा नसतो, ते बोलणे म्हणजे खरे संभाषण, अशी त्यांची व्याख्या आहे. वृत्तपत्रे विषय पुरवितात, पण लोक त्यांवर आपसांत बोलले नाहीत तर छापील शब्दाचा ठसा टिकत नाही, हा त्यांचा सिद्धान्त आजही विचारार्ह आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९१० साली फ्रांकफुर्ट येथील समाजशास्त्र परिषदेत सौहार्दाच्या मेळाव्यांचे विश्लेषण केले. व्यवहारात माणसे विषयासाठी बोलतात. मेळाव्यात मात्र विषय हा बोलण्याचे निमित्त असतो, आणि तेथे प्रत्येकाने आपला हुद्दा व संपत्ती दाराबाहेर ठेवावयाची असते, असे त्यांचे म्हणणे. पुढे १९६२ साली युर्गेन हाबरमास यांनी अठराव्या शतकातील इंग्लंडची कॉफीगृहे, फ्रान्सचे दिवाणखाने आणि जर्मनीतील वाचक-मंडळे यांतून सार्वजनिक मत कसे उदयास आले हे दाखविले.

भारतीय संदर्भात सर्वांत उपयुक्त तुलना कलकत्त्याच्या अड्ड्याशी होते. इतिहासकार दीपेश चक्रवर्ती यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अड्ड्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. घरापुढचा ओटा, चहाचे दुकान, कॉफी हाउस येथे रंगणाऱ्या या बैठकींत साहित्यापासून राजकारणापर्यंत सर्व काही येते. अड्ड्याला शेवट नसतो. तो लांबत जावा हीच त्याची शोभा. त्यामुळेच आळसाचा आणि घराकडे दुर्लक्ष केल्याचा आरोप त्याच्यावर नेहमी होत आला आहे. डोंबिवलीच्या गप्पा नेमक्या येथेच वेगळ्या पडतात. अड्ड्याला वेळेचे बंधन नाही. डोंबिवलीच्या गप्पांना वेळापत्रक आहे.

उपनगराची घडण

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. मुंबईपासून सुमारे ४८ किलोमीटरवर, या मार्गालगत असलेली डोंबिवली, पाथर्ली, ठाकुर्ली, चोळे ही त्या काळी लहान गावे होती. आगरी आणि कोळी समाजाची शेती, मिठागरे, मासेमारी आणि वारकरी संप्रदायाची भजन-कीर्तनाची परंपरा हे या परिसराचे मूळ जीवन होय. विसाव्या शतकात, आणि विशेषतः १९६० नंतरच्या दशकांत, गिरगाव, दादर, परळ येथील चाळींत जागा अपुरी पडू लागलेली मराठी कुटुंबे परवडणाऱ्या घराच्या शोधात येथे येऊन राहिली. १९६४ च्या सुमारास येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका अस्तित्वात आली, आणि २०११ च्या जनगणनेत त्या महानगराची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख भरली.

या स्थलांतरात कुटुंबांना स्वतंत्र स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मिळाले. परंतु चाळीची सामाईक गॅलरी मात्र गेली. चाळीत गप्पांसाठी कोणाला बोलवावे लागत नसे. नळावर, जिन्यात, गॅलरीच्या कठड्यापाशी त्या आपोआप सुरू होत. सदनिकेच्या बंद दाराआड ही सोय उरली नाही. पूर्वीच्या गावातील ओटा आणि पार हेही इमारतींच्या दाटीत हळूहळू आक्रसत गेले. अशा स्थितीत रोज ठराविक वेळी, ठराविक माणसांना एकत्र आणणारी आणि तास-सव्वा तास एकत्र ठेवणारी एकच सार्वत्रिक जागा या नोकरदार वर्गाजवळ उरली. ती म्हणजे लोकलचा डबा.

लोकलचा डबा : रचना आणि नियम

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९ साली घर आणि कामाचे ठिकाण यांखेरीज माणसाला एका ‘तिसऱ्या जागे’ची गरज असते असे प्रतिपादन केले. त्यांच्या नजरेसमोर खाणावळी, केशकर्तनालये, कॅफे अशी स्थिर ठिकाणे होती. डोंबिवलीकराची तिसरी जागा चालती आहे आणि तिला पासाचे भाडे पडते.

येथे गाडी तिच्या मिनिटांवरून ओळखली जाते. नेहमीची गाडी, नेहमीचा डबा, नेहमीचे दार, आणि शक्य तर नेहमीची खिडकी, अशा चौकटीत ‘ग्रुप’ तयार होतो. त्याला घटना नसते, वर्गणीचा आग्रह नसतो, अध्यक्षही नसतो. तरी त्याचे नियम कडक असतात. आधी चढणाऱ्याने इतरांसाठी जागा धरावी. उभ्या असलेल्या मित्राला अर्ध्या वाटेवर बसावयास द्यावे. चौथ्या सीटवर कोण टेकणार हे न बोलता ठरावे. एकाने घेतलेले वर्तमानपत्र पाने सुटी करून सर्वांत फिरावे. या शेवटच्या प्रथेत तार्दचा सिद्धान्त डोळ्यांपुढे उभा राहतो. अग्रलेखाचे पान एकाकडे, क्रीडेचे दुसऱ्याकडे, नाटकांच्या जाहिराती तिसऱ्याकडे. आणि ठाणे येईपर्यंत तिन्ही पानांचे एकच बोलणे झालेले असते. काही डब्यांत टाळांच्या साथीने भजनी मंडळे रंगतात, काहींत पत्त्यांचे डाव पडतात, आणि दसऱ्याच्या सुमारास डब्यांना तोरणे बांधून पूजा केली जाते.

महिलांच्या डब्यातील गोष्टींचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. कलकत्त्याचा अड्डा असो वा लंडनचे कॉफीगृह, ही ठिकाणे प्राधान्याने पुरुषांची होती. उपनगरी गाडीत स्त्रियांसाठी राखीव डबे असल्यामुळे नोकरी करणाऱ्या स्त्रीला घराबाहेरचा, कार्यालयाबाहेरचा आणि केवळ आपल्या मैत्रिणींचा असा वेळ मिळाला. त्या वेळातही संध्याकाळची भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होते, वाढदिवस साजरे होतात. घरकाम गाडीत शिरले हे खरे. पण त्या भाजीच्या पिशवीभोवती नाटकापासून निवडणुकीपर्यंत आणि सासरच्या कुळाचारापासून मुलीच्या परदेशगमनापर्यंत जे बोलले जाते, ते घरातील बैठकीत तितक्या मोकळेपणाने बोलले जात नाही.

या संभाषणांवर वेळापत्रकाचे तीन परिणाम होतात. पहिला, नियमितता. मित्र भेटण्यासाठी वेगळे ठरवावे लागत नाही. न आलेल्याचीच चौकशी होते. दुसरा, सक्तीचा शेवट. वाद कितीही चढला तरी उतरण्याचे स्थानक येतेच. ज्याला हार पत्करावयाची नाही त्याला ती पत्करावी लागत नाही, आणि ज्याला जिंकावयाचे आहे त्याला अखेरचा घाव घालता येत नाही. ‘उद्या बोलू’ हे शब्द या गप्पांतील सर्वांत महत्त्वाचे शब्द होत. तिसरा, अटळ पुनर्भेट. आज बोललेल्या कठोर शब्दाची किंमत उद्या सकाळी त्याच दारात, त्याच माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभे राहून चुकवावी लागते. सक्तीचा शेवट आणि अटळ पुनर्भेट यांच्या मधल्या बारा तासांत माणसाला आपले मत फिरवून पाहण्याची सवड मिळते. दुसऱ्या दिवशी ते किंचित बदलून मांडले तरी कोणी हिशेब मागत नाही.

विषयांची साखळी

गप्पांत संस्कृती, धर्म, कला, प्रवास आणि राजकारण हे वेगवेगळे विषय म्हणून येत नाहीत. एकातून दुसरा निघतो. हे कसे घडते याचे उदाहरण म्हणून या परिसरातीलच एक विषय घेता येईल. कल्याणच्या दक्षिणेस मलंगगड आहे. हाजीमलंग हे त्याचे दुसरे नाव. पावसाळा सरताना मित्रमंडळींत तेथे जाण्याचा बेत निघणे अगदी साहजिक आहे. बोलणे सुरू होते ते चढण, पायऱ्या, न्याहारी आणि परतीची गाडी यांवर. मग कोणी दोन नावांपैकी एक उच्चारतो, आणि तेवढ्याने विषय पालटतो. डोंगरावर दर्गा आहे. त्याच्या व्यवस्थेत एका ब्राह्मण घराण्याचा वंशपरंपरागत सहभाग राहिला आहे. दोन्ही धर्मांचे लोक तेथे जातात. हे स्थान मूळचे नाथपंथी समाधीचे, असा हिंदू संघटनांचा दावा आहे, आणि १९८० च्या दशकापासून त्यावरून राजकीय आंदोलनेही झाली आहेत. सहलीचा बेत अशा रीतीने पाच मिनिटांत इतिहास, श्रद्धा आणि पक्षीय राजकारण यांत येऊन पोहोचतो.

येथे गप्पांचे कार्य दिसून येते. सभेत हाच विषय निघाला असता तर वक्त्याला एक बाजू घ्यावी लागली असती आणि श्रोत्यांना टाळ्या किंवा निषेध यांपैकी एक निवडावे लागले असते. मित्रांच्या बोलण्यात मात्र विषयाला प्रवासाची पाठराखण असते. एकजण दाव्याचे समर्थन करतो, दुसरा त्याला हरकत घेतो, तिसरा आजीबरोबर लहानपणी नवस फेडावयास गेल्याची आठवण सांगतो, आणि चौथा विचारतो की रविवारी निघावयाचे किती वाजता. या चौथ्या माणसास विषयांतर करणारा म्हणून कमी लेखू नये. तो वाद मिटवीत नाही. वाद असूनही सहल होऊ शकते एवढेच तो सुचवितो. मतभेद आणि सहवास एकत्र नांदू शकतात, याचा अनुभव पुस्तकातून मिळत नाही. तो अशाच किरकोळ प्रसंगांतून मिळतो.

कट्ट्याचे संस्थारूप

डब्याबाहेरही डोंबिवलीत भेटीगाठींची ठिकाणे आहेत. १९२४ साली स्थापन झालेल्या गणेश मंदिराचा परिसर आणि त्याला लागून असलेला फडके रोड हे त्यांतील प्रमुख. दिवाळीच्या पहाटे नवे कपडे घालून तरुण-तरुणींनी देवदर्शन करावे आणि मग फडके रोडवर मित्रमैत्रिणींना भेटावे, हा आता गावाचा संकेत झाला आहे. शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी दूर गेलेले जुने वर्गमित्र त्या सकाळी एकमेकांना हमखास सापडतात. याच मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ साली गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली आणि तिचे अनुकरण पुढे महाराष्ट्रात इतरत्र झाले. दोन्ही प्रसंग गर्दीचे आहेत. परंतु फडके रोडवरची गर्दी बोलते, आणि यात्रेतील गर्दी चालते व पाहते. एकीत मित्र भेटतो, दुसरीत समाज स्वतःचे दर्शन घेतो. दोहोंचे प्रयोजन वेगळे आहे, आणि एकाचे माप दुसऱ्यास लावू नये.

हाच भेद आजच्या संस्थात्मक कट्ट्यांच्या बाबतीतही करावा लागतो. ठाण्यातील नौपाडा भागात चालणाऱ्या आचार्य अत्रे कट्ट्यासारख्या उपक्रमांनी साहित्यिक, कलावंत, डॉक्टर, प्रवासी, कार्यकर्ते यांना सामान्य श्रोत्यांच्या जवळ आणले. निवृत्त लोकांना, विशेषतः ज्यांचा गाडीतला ग्रुप निवृत्तीबरोबर सुटला त्यांना, असे कट्टे म्हणजे मोठा आधार होय. तथापि कार्यक्रमपत्रिका, पाहुण्यांचा परिचय आणि आभारप्रदर्शन आले की बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक अशी विभागणी होते. कट्टा हे नाव राहते, पण रचना व्याख्यानमालेची होते. अशा ठिकाणी खऱ्या गप्पा पुष्कळदा कार्यक्रम संपल्यावर, खुर्च्या आवरताना सुरू होतात. उलट प्रवासही घडतो. पुण्यातील रविकिरण मंडळ १९२३ साली उदयास आले ते कवी मित्रांच्या चहापानाच्या बैठकींतून. गप्पा संस्थेला जन्म देऊ शकतात. संस्था मात्र हुकमाने गप्पा निर्माण करू शकत नाही.

कोण आत, कोण बाहेर

येथपर्यंतचे विवेचन एकांगी वाटू नये म्हणून या गप्पांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हाबरमास यांच्या कॉफीगृहांवर पुढील अभ्यासकांनी जो आक्षेप घेतला, तोच येथे लागू पडतो : जेथे सर्वजण समान आहेत असे म्हटले जाते, तेथे मुळात प्रवेश कोणाला आहे? डब्यातील ग्रुप हुद्दा विसरतो, पण भाषा, शिक्षण, जात आणि वस्ती यांच्या खुणा सहज विसरत नाही. डोंबिवलीची ‘सांस्कृतिक नगरी’ अशी जी ख्याती आहे, तिच्या वर्णनात बाहेरून येऊन स्थायिक झालेला नोकरदार मध्यमवर्ग ठळकपणे दिसतो. ज्यांच्या शेतांवर ही नगरी उभी राहिली त्या आगरी समाजाची बोली, त्याची कीर्तने आणि त्याच्या ओट्यावरच्या गोष्टी क्वचितच दिसतात.

या दृष्टीने फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवलीत भरलेले ९० वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन लक्षणीय ठरते. अध्यक्ष अक्षयकुमार काळे होते आणि यजमानपद आगरी युथ फोरम या संस्थेकडे होते. डोंबिवलीत वास्तव्य केलेले लेखक पु. भा. भावे यांचे नाव साहित्यनगरीला दिले होते, आणि ती नगरी वारकरी संप्रदायातील सावळाराम महाराजांचे नाव असलेल्या क्रीडासंकुलात उभारली होती. गावाचे दोन इतिहास एका मांडवाखाली आले. तीन दिवसांच्या संमेलनाने अनेक दशकांचे अंतर मिटले, असा दावा कोणी करू नये. परंतु जे पूर्वी पाहुण्यांच्या वर्णनात नव्हते ते यजमान झाले, ही घटना लहान नाही. हे दोन समाज रोजच्या बोलण्यात किती जवळ येतात हा प्रश्न मात्र संमेलनाने सुटत नाही. तो डब्यात, शाळेच्या फाटकापाशी आणि चहाच्या टपरीवरच सुटावयाचा.

दुसरी मर्यादा शारीरिक आहे. बोलावयाला निदान श्वास घेण्याइतकी जागा लागते. डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाड्यांतील गर्दी सर्वश्रुत आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलच्या दारातील प्रवासी खाली पडून काहीजण मृत्युमुखी पडले. ज्या दारात उभे राहून मित्र बोलतात तेच दार जीवघेणे ठरते, ही वस्तुस्थिती विसरून लोकलच्या गप्पांचे कौतुक करणे हा अभ्यासकाचा निर्दयपणा ठरेल. गर्दीने माणसे जवळ येतात. ती एका मर्यादेपलीकडे गेली की त्यांचे बोलणे थांबते.

वेळापत्रक नसलेल्या गप्पा

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे उपनगरी गाड्या बंद झाल्या. १५ जून २०२० पासून त्या केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी धावू लागल्या. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वसामान्यांना ठराविक वेळी प्रवेश मिळाला, एप्रिलमध्ये तो पुन्हा बंद झाला, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांना परवानगी मिळाली. जवळजवळ दीड वर्ष गाडीतले ग्रुप गाडीविना राहिले. भ्रमणध्वनीवरील गट त्यापूर्वीच अस्तित्वात आले होते. या काळात मित्रगोष्टींचा बहुतेक भार त्यांच्यावर पडला.

त्या गटांनी केलेले साहाय्य थोडे नव्हते. औषधे, रुग्णालयातील खाटा, नोकरी गेलेल्यांची विचारपूस, हे सर्व त्यांतून झाले. परंतु संभाषणाचा प्रकार म्हणून पाहिल्यास वर सांगितलेली दोन नियामक तत्त्वे तेथे सापडत नाहीत. या गप्पांना शेवटचे स्थानक नाही. मध्यरात्रीही शेवटचा घाव घालता येतो, आणि त्याला पहाटे उत्तर येते. पुनर्भेटही अटळ नाही. एका बोटाने गट सोडता येतो. शिवाय बोललेले विरते, लिहिलेले उरते. काल अमुक म्हणालास, आज तमुक म्हणतोस, असा पुरावा पुढे करता येऊ लागला की मत हळूच बदलण्याची सवड संपते. त्यात बाहेरून आलेला मजकूर पुढे ढकलण्याची सोय झाली. असा मजकूर पाठविणाऱ्याला त्याची जबाबदारी वाटत नाही, कारण तो त्याचा नसतो. आणि उत्तर देणाऱ्यालाही नेमके कोणाशी बोलावे हे कळत नाही. अशा रीतीने धर्म आणि राजकारण हे विषय प्रवास, जेवण आणि गाणे यांच्या संगतीतून सुटून एकटे पडतात. न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर गप्पांचे जल्पात, आणि पुष्कळदा वितंडेत, रूपांतर होते. माणसे तीच असतात आणि त्यांची मतेही बहुधा तीच असतात. बदललेली असते ती संभाषणाची चौकट.

उपसंहार

यावरून निघणारा निष्कर्ष असा. भिन्न मतांच्या मित्रांतील बोलणे टिकते ते त्यांच्या सौजन्यामुळे किंवा सुशिक्षितपणामुळे, असे सामान्यतः समजले जाते. डोंबिवलीच्या उदाहरणावरून दिसते की सौजन्यालाही चौकटीचा आधार लागतो. बाहेरून लादलेला शेवट, टाळता न येणारी पुनर्भेट, आणि गंभीर विषयाला किरकोळ विषयांची संगत, या तीन गोष्टी असतील तर साधारण स्वभावाची माणसेही संधाय संभाषा करू शकतात. त्या नसतील तर सज्जनही एकमेकांना तोडून टाकतात. उपनगरी रेल्वेचे वेळापत्रक तयार करणाऱ्यांच्या मनात असे काही असण्याचे कारण नव्हते; समाजाने मात्र त्याचा असा उपयोग करून घेतला.

अभ्यासाच्या दृष्टीने येथे पुष्कळ काम करावयाचे आहे. गाडीतील ग्रुपांची घडण, त्यांत नवा माणूस कसा सामावला जातो, निवृत्तीनंतर मैत्री कोठे जाते, महिलांच्या डब्यातील बोलण्यात कोणते विषय येतात आणि कोणते टाळले जातात, आगरी वस्त्यांतील ओट्यांवर काय बोलले जाते, यांची नोंद प्रत्यक्ष सहवासाने आणि बोलणाऱ्यांच्या संमतीनेच करता येईल. प्रश्नावली घेऊन डब्यात शिरणाऱ्या संशोधकाला गप्पा मिळणार नाहीत. त्याला उत्तरे मिळतील. गप्पा हव्या असतील तर त्याने पास काढावा, तीच गाडी पकडावी आणि काही महिने चौथ्या सीटवर टेकून ऐकावे.